रूळ तेच, कारभारी वेगळे

सोमाटणे फाट्यावर उभं राहिलं की जुन्या मुंबई-पुणे रस्त्याची वर्दळच दिसते. रेल्वे गाठायची तर घोरावाडीच्या नाहीतर बेगडेवाडीच्या फलाटावर जावं लागतं. घोरावडेश्वराच्या डोंगराजवळून जाणारा हा मार्ग महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लोहमार्गांपैकी आहे. 14 जून 1858 रोजी खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला आणि मावळच्या शिवारातून इंजिन धावू लागलं. पण तेव्हा हा टप्पा मुंबईशी जोडलेला नव्हता.

मुंबईकडून येणारी गाडी 1856 पासून खोपोलीपर्यंत येत होती. मध्ये बोरघाट आडवा. उतारूंनी खोपोलीला उतरायचं, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. कंपनी एकच, ग्रेट इंडियन पेनिन्सुला ऊर्फ जी.आय.पी.; तरी तिचे दोन तुकडे पाच वर्षं असे वेगवेगळे चालत होते. ते सांधायला पंचवीस बोगदे खोदावे लागले. पावणेसोळा मैलांत 1,831 फूट चढायचं होतं, आणि सर्वांत उभ्या जागी 37 फुटांमागे एक फूट चढ होता. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याने आखणी केली. पहिल्या कंत्राटदाराने 1859 मध्ये काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरं केलं. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकी आणि अपघातांनी त्यांतले किती गेले याची नावानिशी नोंद कुणी ठेवली नाही, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव वाटते. 1863 मध्ये घाट खुला झाला.

या कंपनीचं भांडवल विलायतेतलं, पण धोका हिंदुस्थानच्या तिजोरीचा. 1849 च्या करारानुसार भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि जमीन सरकारने फुकट द्यायची होती. नफा कमी पडला की तूट इथल्या महसुलातून भरली जाई. खर्चाला आळा घालण्याचं कंपनीला कारणच उरत नव्हतं, आणि देशी अर्थचिंतकांनी या हमीवर सातत्याने टीका केली. अखेर 1900 मध्ये सरकारने जी.आय.पी. विकत घेतली, इंडियन मिडलंड रेल्वे तिच्यात मिसळली. पण कारभार त्याच कंपनीकडे ठेवला. मालक सरकार, चालक लंडनचं संचालक मंडळ, हा प्रकार आणखी पंचवीस वर्षं चालला. रेल्वे कारभाराची पाहणी करणाऱ्या अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर 1 जुलै 1925 रोजी सरकारने कारभारही हाती घेतला. पुढच्या काही वर्षांतच पुण्यापर्यंत विजेची इंजिनं आली आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन धावली. माझ्या मते मावळाच्या दृष्टीने खरा पालट हा होता. 1900 चा व्यवहार नव्हे.

पुण्यापलीकडे मात्र वेगळंच राज्य होतं. मिरजेकडून येणारी सदर्न मराठा रेल्वे मीटरगेज, जी.आय.पी. ब्रॉडगेज. कोल्हापूर संस्थानाने आपल्या खर्चाने मिरजेपर्यंत रेल्वे आणली ती 1891 मध्ये, तीही मीटरगेजच. त्यामुळे मुंबईला जाणारी गुळाची ढेप पुण्यात एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जायची. वेळ जायचा, मजुरी पडायची, माल फुटायचा. बार्शी लाइट रेल्वेचं गेज तर अडीच फुटांचं, म्हणजे कुर्डुवाडीला तिसराच प्रकार.

स्वातंत्र्यानंतर या सगळ्यांची मोट बांधायची ठरली. 5 नोव्हेंबर 1951 रोजी जी.आय.पी., निजाम स्टेट रेल्वे, शिंद्यांची ग्वाल्हेरकडची रेल्वे आणि धोलपूरची रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. सदर्न मराठा 1908 मध्येच मद्रास रेल्वेत विलीन झाली होती. ती जोडकंपनी 1951 च्याच एप्रिलमध्ये दक्षिण रेल्वेत गेली. बार्शी लाइट 1954 मध्ये सरकारकडे आली. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली. पुण्याच्या फलाटावरचा हमाल मात्र ढेपा उचलतच होता, कारण एका सहीने गेज बदलत नाही. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला तो 1971 च्या सुमारास. म्हणून मला 1951 पेक्षा ते रुंदीकरणच खरं विलीनीकरण वाटतं.

कार्यालयीन हद्दींची कथा तर आणखी लांबली. 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली, सोलापूर विभाग तिकडे गेला आणि 1977 मध्ये परत आला. पुणे विभाग स्थापन झाला 1996 मध्ये. सोमाटण्याच्या माणसाला यातलं काहीच जाणवलं नसेल. त्याला जाणवली ती 1978 मध्ये सुरू झालेली पुणे-लोणावळा लोकल. तळेगावहून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत वेळेवर पोचता येऊ लागलं, ते या लोकलमुळे.

आता पुन्हा एका विलीनीकरणाचा विषय निघाला आहे. कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी 6. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही ते भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. चर्चा होते ती कर्जाची आणि कोकण रेल्वे हे नाव टिकेल की नाही याची. नाव टिकावंच, पण चिपळूण-कणकवलीच्या उतारूंनी विचारायचं ते वेगळं आहे: वीर स्थानकाच्या पुढचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, तो दुहेरी करण्याचं वेळापत्रक विलीनीकरणाच्या करारात लिहिलं जाणार आहे का?