युरोपाच्या बर्फात कार्बन कुठून आला?

सोड्याची बाटली उघडली की फसफसून जो वायू बाहेर येतो ना, तोच कार्बन डायऑक्साइड गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फात अडकून बसलाय! तिथला बर्फाचा एक कणही कुणी कधी उचलून आणलेला नाही. तरी कळलं, आणि तेही नुसत्या प्रकाशावरून.

सूर्याचा प्रकाश युरोपावर पडून परत फिरतो. त्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. आता गंमत बघा. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतले अणू सारखे थरथरत असतात आणि त्या थरथरीची लय ठरलेली असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका चढतो, तसंच इथंही होतं. लय जुळणारा किरण आला की रेणू तो गिळतो, बाकीचे सोडून देतो. या वायूला लागतो सुमारे ४.२५ मायक्रॉन लांबीच्या लहरींचा किरण. परतलेल्या प्रकाशात नेमका तोच कमी पडला, तर गिळणारा कोण ते लगेच ओळखता येतं.

पण हाच वायू आपल्या हवेतही आहे! तो किरण जमिनीवरच्या दुर्बिणीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून दुर्बीण हवी हवेच्या पार. जेम्स वेब दुर्बीण आहे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, साडेसहा मीटर रुंद आरसा घेऊन.

युरोपावर हा वायू असल्याचं गॅलिलिओ यानानं आधीच टिपलं होतं. खरं कोडं होतं, तो आला कुठून? २०२३ मध्ये वेबच्या निरीक्षणांतून दिसलं, की तो सर्वांत जास्त आहे तारा रेजिओ या भागात. तिथला बर्फ फुटून, उलटापालटा होऊन पुन्हा गोठलेला आहे. हबल दुर्बिणीला तिथंच मिठाच्याही खुणा सापडल्या होत्या, आपल्या जेवणातल्या मिठाच्या! आणि युरोपाच्या बर्फाखाली खारट समुद्र आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कार्बन बाहेरून येऊन पडलेला नाही, बहुधा त्या समुद्रातूनच वर आलाय. शिवाय हा वायू तिथल्या पृष्ठभागावर फार काळ टिकत नाही, म्हणजे तो वर येऊन फार काळ झालेला नसणार. मला तर हीच गोष्ट सगळ्यांत भारी वाटते. आपली शरीरं, झाडं, मासे, सगळ्यांत कार्बन असतो. आणि तो तिथल्या अंधाऱ्या पाण्यातही असावा!

ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपा क्लिपर यान निघालंय. २०३० मध्ये ते गुरूपाशी पोचेल आणि युरोपाच्या जवळून पुन्हा पुन्हा जाईल. त्याच्यावरही अवरक्त किरण तपासणारं उपकरण आहे. बर्फाच्या कोणत्या भागात कोणता पदार्थ आहे, याचा नकाशा ते काढणार आहे.