शेवटचा स्वर

स्पॅनिशच्या वर्गात ‘बोलू नकोस’ शिकवायचं असलं की मी फळ्यावर मूळ क्रियापदं लिहीत नाही. ‘मी’ची वर्तमानकाळातली रूपं लिहिते. आब्लो (मी बोलते), कोमो (मी खाते), एस्क्रिबो (मी लिहिते). मग तिन्हींचा शेवटचा ‘ओ’ पुसते. उरलेल्या तुकड्याला आता विरुद्ध गटाचा स्वर लागतो. आब्लार ‘आर’ गटातलं, म्हणून नो आब्लेस. कोमेर आणि एस्क्रिबिर ‘एर’-‘इर’ गटांतली, म्हणून नो कोमास, नो एस्क्रिबास. समोरच्याला मान द्यायचा तर ‘स’ गळतो: नो आब्ले.

नियम वहीत लगेच उतरतो, जिभेवर बसायला वेळ लागतो. ‘बोल’ या अर्थाचं ‘आब्ला’ आधीच पाठ असतं. त्याच्यापुढे ‘नो’ ठेवून मोकळं व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण ‘नो आब्ला’ म्हणजे ‘तो बोलत नाही’. वाक्य शुद्ध आहे, म्हणून तर चूक लक्षात येत नाही. मी वह्या मिटायला लावते आणि जोड्या मोठ्यानं म्हणून घेते: आब्ला, नो आब्लेस, कोमे, नो कोमास. पुढच्या बाकावरून आलेला ‘आ’ मागच्या बाकावरचे ‘ए’ करून परत पाठवतात, आणि हळूहळू वर्गाला लय सापडते.

खरं तर आपणही ‘बोल’ला नुसता नकार जोडत नाही, ‘बोलू नकोस’ म्हणताना क्रियापदाचं रूप बदलतोच. स्पॅनिश तिथे सब्जंक्टिव्हकडे वळते. इच्छा, शंका, भीती, जे अजून घडलेलं नाही ते सांगायची ही रूपं. पुढे ज्याचा विद्यार्थी धसका घेतात, ते प्रकरण इथे गुपचूप सुरू झालेलं असतं. मला हा धडा म्हणूनच फार आवडतो.

‘तोकार’ (हात लावणं) आलं की कुजबुज सुरू होते. ‘नो तोकेस’ लिहिताना ‘सी’च्या जागी ‘क्यू-यू’ येतं आणि हे क्रियापद अनियमित असावं असं वाटतं. तसं काही नाही. ‘सी’पुढे ‘ई’ आला तर उच्चार बदलेल. ‘क’ टिकावा म्हणून अक्षरं बदलतात.

सर्वनामं मात्र खरी दमवतात. ‘ऊठ’ म्हणताना शेपटीला चिकटलेलं ‘ते’ (लेवान्ताते) नकारात क्रियापदाच्या पुढे येतं: नो ते लेवान्तेस. हे सावकाश, तुकड्या-तुकड्यानं म्हणवून घ्यावं लागतं.

पाट्यांवर बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. ‘नो फुमार’, धूम्रपान करू नये. तिथे समोर कुणी ‘तू’ नसतो, मूळ क्रियापदावर भागतं.