मागचा दिवा मालकासाठी नसतो

टेल लाइटवर काळी ‘स्मोक’ फिल्म लावून घेणाऱ्यांचा बचाव सहसा एकाच प्रश्नाने सुरू होतो: फिल्म लावू नका असे कायद्यात कुठे लिहिले आहे? हा प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ दिव्यावर काय चिकटवले आहे ते पाहत नाही, दिव्यातून काय बाहेर पडते ते पाहतो. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे तो सांगतो. नियम १०८ पुढच्या बाजूला लाल प्रकाश दाखवायला मनाई करतो, त्यामुळे हेडलाइटवरची लाल फिल्म तर सरळच बेकायदा ठरते. दुसरा गोंधळ खिडक्यांच्या काचांवरून होतो. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा नियम १०० आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या काचांबाबत निकाल दिल्यापासून हे आकडे सर्वतोमुखी झाले. मग ‘पन्नास टक्क्यांची फिल्म चालते’ ही समजूत दिव्यांनाही लावली जाऊ लागली. ती टक्केवारी काचांची आहे. दिव्याला मान्यता मिळते ती पूर्ण दिव्याला, वेगवेगळ्या कोनांतून तो किती प्रकाश देतो हे मोजून. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या करणारी संस्था. फिल्म लागली की मान्यता मिळालेला तो दिवा उरत नाही. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण दंडापेक्षा मोठा प्रश्न डोळ्यांचा आहे. ‘रात्री बघा, दिवा स्वच्छ दिसतो’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो. आपला डोळा हे मोजमापाचे यंत्र नाही. प्रकाश निम्मा झाला तरी तो डोळ्याला जेमतेम मंद वाटतो. शिवाय मालक दिवा तपासतो तो पार्किंगमध्ये, तीन मीटरवरून. दीडशे मीटरवर, म्हणजे पन्नास पट अंतरावर, त्याच दिव्याचा डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाश अडीच हजार पटींनी घटलेला असतो. ज्याला तो दिवा दिसायला हवा, तो माणूस तिथे असतो, बहुधा पावसात, वायपरमागे. दिवसा ब्रेक लाइटला भोवतीच्या उन्हावर मात करावी लागते, आणि उन्हावर कोणी फिल्म लावलेली नसते. जुन्या तारेच्या बल्बपेक्षा एलईडी ब्रेक लाइट सेकंदाचा साधारण पाचवा भाग आधी उजळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर जाते. मागच्याला इतकी उसंत मिळवून देणाऱ्या दिव्यावर आपल्या हाताने पडदा टाकायचा, याचे समर्थन मला करता येत नाही.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट रिफ्लेक्टरची. तो टेल लाइटच्याच लेन्समध्ये असला की फिल्मखाली जातो. मागून आलेल्या हेडलाइटचा प्रकाश फिल्ममधून एकदा आत जातो आणि परतताना पुन्हा एकदा बाहेर येतो. म्हणून पन्नास टक्क्यांची फिल्म त्याचा उजेड पाव करते. बॅटरी उतरून गाडी अंधारात कडेला उभी असते तेव्हा तिची खूण सांगायला तो रिफ्लेक्टरच उरलेला असतो.

पुढच्या दिव्यांबाबतचे गैरसमज तर सद्हेतूने पसरले आहेत. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवण्याची पद्धत आपल्याकडे होती, अजूनही दिसते. दोन तारांच्या एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची वाटी असते. त्यामुळे डिपरचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पडून खाली रस्त्यावर वळतो. वरचा भाग रंगवला की नेमका हा डिपरच अंधारतो आणि परावर्तकाच्या खालच्या भागातून येणारा अपरचा झोत तसाच राहतो. दिपवणे टाळायचे तर झोताची उंची गॅरेजमध्ये नीट करून घ्यावी आणि समोरून गाडी आली की डिपर द्यावा. पिवळ्या फिल्मचेही तसेच. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्यामुळे १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, हे खरे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला आणि रुंद, सपाट झोताचा असतो म्हणून. फिल्म त्यात फक्त वजाबाकी करते.

कंपनीच्याच काही गाड्यांना गडद टेल लाइट येतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तिथे गडद लेन्स धरूनच आतला प्रकाश ठरवलेला असतो आणि मान्यता त्या जोडीला मिळालेली असते. पोलिसांनी आजवर अडवले नाही, हा आक्षेप मात्र टिकत नाही. खासगी गाडीची फेरनोंदणी पंधरा वर्षांनी होते, तोवर तिचे दिवे कोणी तपासत नाही. याला परवानगी म्हणत नाहीत. तुमच्या गाडीला अशी फिल्म असेल तर हेअर ड्रायरने ती कोमट करा आणि कोपऱ्यातून हळूहळू सोलून काढा. स्प्रे मारलेला असेल आणि लेन्स न ओरबाडता निघत नसेल, तर दिवा बदलून घ्या.