निदानास विलंब झाला. पण हानी त्यामुळेच झाली का?

विदर्भातील खेड्यातला रुग्ण बहुधा थेट नागपुरास येत नाही. गावचा डॉक्टर, तालुक्याचे रुग्णालय आणि अखेर 'मेडिकल' वा 'मेयो', असा त्याचा प्रवास असतो. समजा, खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातील व्रणावर चार महिने नुसते मलम लावले गेले आणि पाचव्या महिन्यात कर्करोग निघाला. कुटुंबीयांचा संताप स्वाभाविकच. परंतु ग्राहक आयोगापुढे केवळ विलंब सिद्ध करून भागत नाही. वेळीच निदान झाले असते तर परिणाम निराळा झाला असता, हेही तक्रारदारासच दाखवावे लागते.

चेन्नईच्या एका प्रकरणात हा दुवा स्पष्ट होता. १९९६ साली शासकीय रुग्णालयात मुदतपूर्व जन्मलेल्या, अवघ्या सव्वा किलो वजनाच्या बालिकेच्या दृष्टिपटलाची तपासणी झालीच नाही. अशा बालकांची ही तपासणी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत करावयाची असते. विकार उमगला तेव्हा ती साडेचार महिन्यांची होती आणि दृष्टी गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई दिली.

कर्करोगात असा सरळ हिशेब क्वचितच जमतो. ब्रिटनमध्ये एका रुग्णाच्या काखेतील गाठ निरुपद्रवी समजली गेली आणि नऊ महिने वाया गेले. दहा वर्षे जगण्याची त्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला. कारण शक्यता मुळातच निम्म्याहून कमी होती. हे तर्कशास्त्र कठोर वाटते, आणि आहेही.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचे मत अनिवार्य नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हैदराबादच्या प्रकरणात म्हटले. मात्र चार महिन्यांत रोग किती बळावला, हे तज्ज्ञाविना सांगणार कोण? म्हणून पहिल्या डॉक्टरची तारखेसह चिठ्ठीदेखील जपावी, बायोप्सीच्या काचपट्ट्याही. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत सामान्यतः दोन वर्षे. जेथे सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात, अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र ग्राहक आयोगाचे दार बंद असते; तेथे दिवाणी न्यायालयच गाठावे लागते.