प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटल्या ओढ्यात ओतू नका!

सुट्टी लागली की शाळेची झाडलोट होते, भिंतींना चुना लागतो. प्रयोगशाळेचे कपाट मात्र वर्षानुवर्षे बंदच. एखादे दिवशी ते उघडते, लेबल उडालेल्या बाटल्या दिसतात आणि हुकूम सुटतो, "टाका रे ते सगळं बाहेर!" मग शिपाईमामा टोपले भरून ओढ्याकडे किंवा पडक्या विहिरीकडे निघतात. शिक्षक बंधू-भगिनींनो आणि शाळा समितीच्या सभासदांनो, हे काम सोपे दिसते, पण त्यात डोळे जाण्याचा धोका आहे.

कार्बाइडवर पाणी पडले की वायू निघतो, हे आंबा-केळीच्या व्यापारातल्या माणसाला सांगावे लागत नाही. (फळे पिकवायला ते वापरण्यास आता बंदी आहे.) सोडियम त्याहून तापट. पाणी लागताच त्यातून हायड्रोजन निघतो, उष्णतेने तो पेट घेतो आणि तुकडा मोठा असेल तर स्फोट होतो. १९४७ साली अमेरिकेत सरकारी यंत्रणेने सोडियमची पिंपे लेनोर सरोवरात लोटली, तेव्हा मोठे स्फोट झाले होते. आपल्या ओढ्यावर तर बायका धुणे धूत असतात, गुरे पाणी पितात.

म्हणून सोडियम रॉकेलात किंवा लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवतात. पिवळ्या फॉस्फरसचे नेमके उलटे. तो पाण्यात ठेवायचा, कारण तिशीच्या पुढच्या तापमानात तो हवेत आपोआप पेटू शकतो. आपल्याकडचा उन्हाळा त्याला पुरेसा आहे. या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर आग ठरलेली! तेव्हा दर महिन्याला बघा, रॉकेल उडाले का, पाणी आटले का. सोडियम पुसलेला टिपकागदही ओल्या केरात टाकू नये. उरलेले तुकडे परत रॉकेलात टाका. स्पिरिटमध्ये विरघळवण्याचा उद्योग शाळेत करू नका, कारण बाजारातल्या स्पिरिटमध्ये पाणी असते.

पुढील बाटल्यांना तर हातच लावू नका : पिवळी खपली धरलेले पोटॅशियम आणि कोरडे पडलेले पिक्रिक आम्ल. बूच फिरवले किंवा खपली खरवडली, तर तेवढ्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. खोलीला कुलूप लावा आणि जाणकाराला बोलवा.

सौम्य आम्लाचा निकाल मात्र शाळेत लावता येतो. गॉगल व हातमोजे घालून त्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाका. फेस थांबला, लिटमस कागदाने खात्री झाली, की भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा. तीव्र आम्ल असेल तर आधी ते पाण्यात हळूहळू ओतावे. आम्लात पाणी कधीच ओतू नये. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर आम्लाजवळ नकोच, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. पाऱ्याचे, शिशाचे क्षार आणि मोरचूद मोरीत सोडू नका, वेगळे ठेवा.

बाकीच्यांचे काय? नाव आणि अंदाजे वजन लिहून यादी करा. ज्या दुकानदाराकडून माल घेतला, तो परत घेतो का विचारा. जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा सल्ला घ्या. मग यादीसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र द्या. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे तो नष्ट करण्याची केंद्रे आहेत. मात्र एसटीने किंवा मोटारसायकलवरून बाटल्या स्वतः नेऊ नका.

तोपर्यंत कपाटाला कुलूप आणि शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. सोडियमच्या आगीवर पाणी चालत नाही, कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही चालत नाही. पावसाळ्यात वाळू ओलावते, ती उन्हात वाळवून झाकून ठेवा.

औषधाचे डबे विहिरीवर धुऊ नका, असे आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. शाळेलाही तोच नियम लागू आहे. पुढच्या समिती सभेत हा विषय घ्या आणि यादी त्याच दिवशी सुरू करा.