कोईच्या टाकीचा फिल्टर: लिटर नाही, खाणं मोजा

परळहून एका श्रोत्याने विचारलंय: चाळीमागच्या अंगणात २,००० लिटरची सिमेंटची टाकी आहे, त्यात चार छोटे कोई. पाणी हिरवं होतंय. दुकानदार म्हणतो मोठा यूव्ही दिवा घ्या. घेऊ का?

आत्ता नको. यूव्हीने तरंगणारं शेवाळ मरतं, पाणी छान स्वच्छ दिसतं. पण ज्याने मासे मरतात तो अमोनिया तसाच राहतो, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेले मासे वर आल्याच्या बातम्या कितीतरी वेळा आल्यात. पिंड, भात, पीठ पाण्यात पडतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. एवढा मोठा तलाव, त्याला जिवंत झरा, तरी ही गत. चाळीतल्या टाकीत तर येता-जाता प्रत्येक पोराचा हात पावाच्या तुकड्यासकट पाण्यात!

म्हणून फिल्टर निवडताना टाकीत किती लिटर पाणी आहे यापेक्षा रोज किती खाणं पडतं ते बघा. चार कोई मोठे झाले की रोज साधारण ५० ग्रॅम खाणं लागेल. त्यात ३५ टक्के प्रोटीन धरलं तर दीड ग्रॅमच्या वर अमोनिया पाण्यात उतरतो, म्हणजे तुमच्या टाकीत लिटरमागे रोज सुमारे ०.८ मिलिग्रॅम. वर मुंबईचा उकाडा. पीएच तोच असला तरी २० अंशांपेक्षा ३० अंशांना अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दुप्पट होतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पीक लोडला टिकला पाहिजे. (खरं तर २,००० लिटरमध्ये मोठे कोई दोनच बरे. चार म्हणजे लोकलमधली चौथी सीट.)

हा अमोनिया खातात बॅक्टेरिया. एक जात त्याचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. फिल्टर म्हणजे मुख्यतः त्यांची चाळ. त्यांना चिकटून राहायला जागा हवी आणि भरपूर हवा हवी, कारण एक ग्रॅम अमोनिया संपवायला त्यांना साडेचार ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो.

आता मांडणी. टाकीच्या तळातून दोन इंची पाइप काढून पाणी पहिल्या ड्रममध्ये आणा. इथे काहीच भरायचं नाही. पाणी संथ होतं, विष्ठा खाली बसते, आणि तळाच्या नळाने ती सोडून द्यायची. दुसऱ्या ड्रममध्ये जाड स्पंज. तिसऱ्यात बायो मीडिया किंवा भांडी घासायच्या प्लास्टिकच्या, साबण नसलेल्या नव्या घासण्या, आणि खालून एअर पंप. पाण्याचा पंप सगळ्यात शेवटी ठेवा. तो आधी लावला तर विष्ठेचा लगदा करतो, मग ती बसतच नाही. ड्रममधली पाण्याची पातळी टाकीएवढीच ठेवली की पाणी आपोआप येतं. पंप तासाला निदान २,००० लिटर देणारा हवा, पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी तीन-चार फूट चढवायचं असेल तर मोठा घ्या.

ड्रमवर घट्ट झाकण ठेवा. टाकीतल्या डासांच्या अळ्या कोई खातील, ड्रममधल्या कोण खाणार? पालिकेची माणसं बरोबर तिथेच बघतात. पावसाळ्यासाठी ओव्हरफ्लोला जाळी लावा, नाहीतर मासे थेट गटारात.

स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारतं. टाकीचं पाणी बादलीत घेऊन त्यात पिळा. नायट्रेट मात्र फिल्टरने जात नाही, म्हणून आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला. नव्या पाण्यासाठी दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं.

नव्या फिल्टरमध्ये बॅक्टेरिया वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अगदी चिमूटभर खाणं, आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की खाणं हळूहळू वाढवा. त्यानंतरही पाणी हिरवंच राहिलं, तर आणा तो यूव्ही.