प्रकाशाची छिन्नी

रंगीत कापड रोज उन्हात वाळत घातले, तर काही महिन्यांतच त्याचा रंग विटतो. उन्हाजवळ कुंचला नाही, की हत्यार नाही. तरीही ते पदार्थात पालट घडवून आणते.

फ्रान्समधील नीएप्स या संशोधकाने या गुणाचा मोठ्या चातुर्याने उपयोग केला. एका जातीचे डांबर प्रकाशाने कठीण होते, हे त्याला ठाऊक होते. १८२७ च्या सुमारास त्याने एका धातूच्या पत्र्यावर त्या डांबराचा पातळ लेप दिला व तो पत्रा कॅमेऱ्यात बसवून खिडकीबाहेरील देखाव्यासमोर ठेवला. बऱ्याच काळानंतर त्याने तो लव्हेंडरच्या तेलाने धुतला. उजेड पडलेला लेप टिकला. छायेतील वाहून गेला. पत्र्यावर घरांची छपरे उमटली होती!

आज संगणकाची चिप घडविताना हीच युक्ती योजतात. डांबराऐवजी तेथे बहुवारिक असते. माळेत मणी ओवावेत, तसे असंख्य लहान रेणू जोडले जाऊन हा पदार्थ बनतो. त्याचे द्रावण सिलिकॉनच्या तबकडीवर ओतून ती गरगर फिरवितात. मग केसाहून शेकडो पट पातळ असा लेप तीवर पसरतो. त्यावर नक्षीच्या साच्यातून प्रकाश पाडतात. काही लेप प्रकाशाने कठीण होतात, तर काही उलट विरघळू लागतात. लेप निघून गेलेल्या जागीच तबकडी कोरली जाते. शेवटी उरलेला लेपही काढून टाकतात. कमान पुरी झाल्यावर खालचा लाकडी आधार काढावा, त्याप्रमाणे!

जाड बोरूने बारीक अक्षर उमटत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. रेघ जितकी सूक्ष्म हवी, तितकी त्याची लहर आखूड लागते. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांब असते. चिपच्या अतिसूक्ष्म कामासाठी आता १३.५ नॅनोमीटर लहरीचा प्रकाश वापरतात.

परंतु १९८० च्या सुमारास आखूड लहरींचे दिवे फार मंद होते. त्या क्षीण प्रकाशाने जुने लेप लवकर बदलेनात. तेव्हा अमेरिकेत हिरोशी इतो, ग्रँट विल्सन आणि ज्याँ फ्रेशे यांनी एक नामी उपाय शोधला. त्यांनी लेपातच असा पदार्थ मिसळला, की प्रकाश पडताच त्यातून किंचित आम्ल सुटावे. लेप तापविला की हे आम्ल बहुवारिकातील एकामागून एक बंध तोडीत जाते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. थोड्या प्रकाशात मोठे काम होऊ लागले.

मात्र हे आम्ल इतके अल्प असते, की हवेतील अमोनियाचा लेशही त्याला निकामी करतो व नक्षी बिघडते. म्हणून कारखान्यातील हवा सतत गाळून घ्यावी लागते. पांढऱ्या उजेडातील निळ्या-जांभळ्या किरणांनीही लेप बिघडण्याची भीती असते. यास्तव त्या दालनांत रात्रंदिवस पिवळेच दिवे जळत असतात.